बंगळुरूच्या दगडखाणी : वारसा, श्रम आणि उरलेले खड्डे

(व्याख्यानाची संहिता)

शहराचा इतिहास लिहिताना राजवटी, लढाया, किल्ले आणि इमारती यांची नोंद होते. त्या इमारतींसाठी दगड जेथून आला त्या खाणींची नोंद मात्र क्वचितच आढळते. इमारत उभी राहिली की ती वारसा ठरते. तिच्यासाठी जमिनीत पडलेला खड्डा महसुली दप्तरात पडीक जमीन म्हणून उरतो आणि बहुधा कचरा टाकण्याच्या कामी येतो. बंगळुरू हे याचे बोलके उदाहरण आहे. माहिती तंत्रज्ञानाची राजधानी म्हणून हे शहर जगभर ओळखले जाते. पण त्याच्या पायाखाली जगातील अतिप्राचीन खडकांपैकी एक खडक आहे, आणि त्याच खडकातून हे शहर शतकानुशतके घडत आले आहे. त्या दगडखाणींचा इतिहास, त्यांतील श्रम, त्यांना लागू झालेले कायदे आणि त्यांच्या भवितव्याचा प्रश्न यांचा एकत्रित विचार करणे हा या व्याख्यानाचा उद्देश आहे.

दगडावर वसलेले शहर

बंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवरील पठारावर वसले आहे. या पठाराचा पाया 'पेनिन्सुलर नाइस' म्हणजेच द्वीपकल्पीय पट्टिताश्म या खडकाचा आहे. तत्कालीन म्हैसूर संस्थानाच्या भूशास्त्र विभागातील डब्ल्यू. एफ. स्मीथ यांनी १९१६ मध्ये हे नाव रूढ केले. लालबाग उद्यानातील ज्या उघड्या टेकडीवर केंपेगौडांचा बुरूज उभा आहे, ती टेकडी याच खडकाची असून तिचे वय सुमारे ३०० कोटी वर्षे मानले जाते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने तिला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून घोषित केले आहे. महाराष्ट्रातील बहुतांश भूभाग ज्या बेसाल्टचा बनलेला आहे, त्याचे वय साधारण साडेसहा कोटी वर्षे आहे, हे लक्षात घेतले म्हणजे दोन्ही खडकांतील अंतर ध्यानात येईल. महाराष्ट्रातील लोणार सरोवरही राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकांच्या याच यादीत आहे.

बंगळुरूच्या पश्चिमेला मागडी-रामनगर पट्ट्यात 'क्लोजपेट ग्रॅनाइट' हा तुलनेने तरुण, म्हणजे सुमारे २५० कोटी वर्षे वयाचा खडक आढळतो. रामनगरचे ब्रिटिशकालीन नाव क्लोजपेट असे होते, त्यावरून या खडकाला हे नाव मिळाले. त्याच्या गुलाबी छटेच्या दगडाला बांधकामाच्या व्यवहारात 'मागडी गुलाबी' म्हणून ओळखतात. राखाडी पट्टिताश्म आणि गुलाबी ग्रॅनाइट या दोन दगडांनी या प्रदेशाच्या वास्तुकलेला तिचा रंग दिला आहे.

येथील माणसाचे दगडाशी असलेले नाते शहरापेक्षाही जुने आहे. बंगळुरूच्या दक्षिणेकडील बेगूर येथे नागेश्वर मंदिराच्या आवारात इसवी सनाच्या सुमारे ८९० मधील एक वीरगळ आहे. त्यावरील जुन्या कन्नड लेखात 'बेंगळूरु' येथील लढाईचा उल्लेख येतो. शहराच्या नावाचा हा प्राचीन पुरावा दगडावरच कोरलेला आहे, ही बाब सूचक म्हणावी लागेल.

अग्नीने दगड काढण्याची विद्या

बंगळुरूच्या खाणकामाचे एक वैशिष्ट्य एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जगभरच्या तंत्रज्ञांच्या कुतूहलाचा विषय झाले होते. ते म्हणजे सुरुंगाशिवाय, केवळ लाकडाच्या विस्तवाने ग्रॅनाइटचे प्रचंड पातळ थर सुटे करण्याची पद्धत. एच. वार्थ यांनी १८९५ मध्ये 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत तिचे वर्णन प्रसिद्ध केले.

या पद्धतीचे तत्त्व सोपे, परंतु कौशल्य दुर्मिळ होते. घुमटाकार उघड्या खडकात पृष्ठभागाला समांतर अशी थर सुटण्याची नैसर्गिक प्रवृत्ती असते. त्या सपाट पृष्ठभागावर सुमारे सात फूट लांबीची लाकडाच्या विस्तवाची अरुंद रांग पेटवीत. उष्णतेने वरचा थर प्रसरण पावे, खालचा थंडच राही आणि दोहोंच्या मध्ये आडवी भेग पडे. कारागीर हातोड्याने खडकावर ठोके देऊन आवाज ऐकत. आवाज बदलला, म्हणजे थर खालच्या खडकापासून सुटला असे समजून विस्तवाची रांग हळूहळू पुढे सरकवीत. ठोक्याचा हा आवाज ओळखणारा कान हेच खाणीतील खरे भांडवल होते.

वार्थ यांनी दिलेल्या एका उदाहरणात विस्तव आठ तास पेटता होता. विस्तव प्रत्यक्ष सरकला तो ४६० चौरस फुटांवरून. पण भेग दोन्ही बाजूंना सुमारे तीन-तीन फूट पुढे गेल्याने सुटलेल्या थराचे क्षेत्रफळ ७४० चौरस फूट भरले. जाडी सरासरी पाच इंच होती. या सर्व कामाला लाकूड लागले सुमारे १५ हंड्रेडवेट, म्हणजे अंदाजे ७६० किलो. मोकळा झालेला दगड साधारण २३ टन भरतो. थोडक्यात, एक किलो लाकडामागे सुमारे ३० किलो दगड. मोकळ्या झालेल्या थराचे नंतर छिन्नी आणि हातोड्याने हव्या त्या आकाराचे तुकडे पाडले जात.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने या उदाहरणातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली अशी की यंत्रे आणि स्फोटके नसतानाही येथील उत्पादनाची कार्यक्षमता मोठी होती आणि तिचा आधार पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले ज्ञान हा होता. दुसरी अशी की या पद्धतीत दगड वाया जाण्याचे प्रमाण कमी होते. सुरुंगाने खडक फुटतो तेव्हा त्याच्या मोठ्या भागाची खडी होते; विस्तवाने सुटलेला थर अखंड राहतो. दक्षिण कर्नाटकात घरांच्या छपराला, दारावरच्या तुळईला, शेताच्या कुंपणाला आणि मांडवाच्या खांबाला लांबच लांब दगडी पट्ट्या वापरलेल्या दिसतात. लाकूड आणि लोखंड महाग असलेल्या प्रदेशात दगड हाच खांब, तोच वासा आणि तीच फळी झाला, यामागे या खडकाचा आणि या विद्येचा वाटा मोठा आहे.

किल्ल्यापासून विधानसौधापर्यंत

केंपेगौडा यांनी १५३७ मध्ये वसवलेल्या बंगळुरूचा किल्ला मातीचा होता. १६३८ मध्ये विजापूरच्या आदिलशाही फौजेने रणदुल्लाखानाच्या नेतृत्वाखाली हे ठाणे जिंकले आणि पुढे ते शहाजीराजे भोसले यांच्या जहागिरीचे केंद्र झाले. मराठी वाचकाचे या शहराशी असलेले नाते येथून सुरू होते. शहाजीराजांचे निधन १६६४ मध्ये कर्नाटकातीलच होदिगेरे येथे झाले. तेथील त्यांची समाधी आजही दाखवली जाते.

मातीच्या किल्ल्याच्या जागी दगडी किल्ला उभारण्याचे काम हैदरअलीने १७६१ मध्ये हाती घेतले. लॉर्ड कॉर्नवॉलिसच्या सैन्याने मार्च १७९१ मध्ये हा किल्ला जिंकला. पुढे शहर वाढले, तसे किल्ल्याचे बहुतेक भाग पाडले गेले. आज दिल्ली दरवाजा आणि त्यालगतचा थोडा भाग तेवढा शिल्लक आहे. या उरलेल्या तटातील मोठमोठे घडीव चिरे पाहिले, म्हणजे अठराव्या शतकातील दगडकामाच्या आवाक्याची कल्पना येते. १८०९ मध्ये ब्रिटिश छावणी वसली आणि बराकी, चर्च, बंगले, पूल व पुढे रेल्वे यांच्यासाठी दगडाची मागणी वाढतच गेली.

या परंपरेचा स्वातंत्र्योत्तर काळातील सर्वोच्च आविष्कार म्हणजे विधानसौध. पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते १३ जुलै १९५१ रोजी तिची पायाभरणी झाली. मुख्यमंत्री केंगल हनुमंतय्या यांच्या आग्रहाने तिचा आराखडा द्राविड शैलीच्या अंगाने विस्तारला गेला. मुख्य अभियंता व वास्तुविद बी. आर. माणिकम हे होते. १९५६ मध्ये इमारत पूर्ण झाली. सातशे फूट लांब आणि साडेतीनशे फूट रुंद अशा या वास्तूचा दगड प्रामुख्याने तेव्हा शहराबाहेर असलेल्या मल्लसंद्र व हेसरघट्टा परिसरातील खाणींतून आला. सजावटीसाठी मागडीचा गुलाबी आणि तुरुवेकेरेचा काळा दगड वापरण्यात आला. पाच हजारांहून अधिक मजूर आणि सुमारे दीड हजार पाथरवट, गवंडी व काष्ठशिल्पी यांनी हे काम केले, असे सांगितले जाते. मजुरांत कैद्यांचाही समावेश होता. खर्च मूळ अंदाजाच्या कितीतरी पुढे जाऊन पावणेदोन कोटी रुपयांहून अधिक झाला आणि त्यावरून राजकीय वादही झडला.

विधानसौध पाहण्यास हजारो पर्यटक येतात. तिचा दगड जेथून निघाला ते स्थळ दाखवणारा फलक मात्र त्यांच्या पाहण्यात येत नाही. वारशाच्या आपल्या कल्पनेतील ही उणीव लक्षणीय आहे.

खाणीचे अर्थशास्त्र

इमारतीचा दगड ही वजनाने जड आणि वजनाच्या मानाने स्वस्त वस्तू आहे. सोने हजारो किलोमीटर वाहून नेले तरी परवडते. सामान्य बांधकामाचा दगड काही मैलांपलीकडे नेला, तर वाहतुकीचा खर्च दगडाच्या किमतीपेक्षा अधिक होतो. म्हणून प्रत्येक शहर आपली खाण आपल्या वेशीवरच उघडते. मुंबईच्या व्हिक्टोरियन इमारतींना कुर्ला आणि मालाडचा दगड लागला, तो याच कारणाने. कोकणात घर बांधायचे तर जवळच्या खाणीतील जांभ्याचा चिरा वापरला जातो, त्यामागेही हेच गणित आहे.

मात्र जी खाण शहर घडवते, तिलाच शहर पुढे गिळते. १९५१ च्या जनगणनेत बंगळुरूची लोकसंख्या पावणेआठ लाखांच्या आसपास होती. २०११ मध्ये ती सुमारे ८४ लाख झाली. शहराची सीमा खाणीपर्यंत पोहोचली की तीन गोष्टी एकदम घडतात. जमिनीची किंमत दगडाच्या किमतीपेक्षा वाढते, सुरुंगाचा आवाज आणि धूळ यांविरुद्ध नव्या रहिवाशांच्या तक्रारी सुरू होतात आणि खाण आणखी बाहेर, आणखी एखाद्या खेड्याच्या वेशीवर सरकते. मागे राहतो तो खड्डा. सिमेंट काँक्रीटच्या युगात घडीव दगडाची मागणी घटली. पण खडी आणि कृत्रिम वाळूची मागणी प्रचंड वाढली. त्यामुळे खाणींची संख्या व खोली वाढली आणि कारागिराची जागा खडी यंत्राने घेतली.

येथे बाह्य परिणामांची संकल्पना उपयोगी पडते. दगडाच्या बाजारभावात मजुरी, डिझेल, स्फोटके आणि स्वामित्वधन यांचा खर्च समाविष्ट असतो. धुळीने बिघडलेली फुप्फुसे, आटलेल्या विहिरी, तडे गेलेली घरे आणि शेवटी उरलेला खड्डा यांची किंमत त्यात नसते. ती शेजारच्या गावाला आणि पुढच्या पिढीला मोजावी लागते. दगड एकदा काढला की पुन्हा निर्माण होत नाही, म्हणून त्यातून मिळणारे उत्पन्न हे नेहमीचे उत्पन्न नसून मालमत्ता विकून आलेली रक्कम आहे. अशी रक्कम टिकाऊ भांडवलात गुंतवली गेली पाहिजे, हे अर्थशास्त्रज्ञ जॉन हार्टविक यांनी १९७७ मध्ये मांडलेल्या नियमाचे सार आहे. गोव्यातील लोहखनिजाच्या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१४ मध्ये विक्रीमूल्याच्या १० टक्के रक्कम कायमस्वरूपी निधीत जमा करण्याचा जो आदेश दिला, तो याच विचाराशी सुसंगत आहे. इमारतीच्या दगडाबाबत असा विचार अद्याप रुजलेला नाही.

छिन्नी धरणारे हात

खाणीचा वारसा केवळ खडकाचा नसतो. तो माणसांचाही असतो. दख्खनच्या पठारावर दगड फोडणे, विहिरी व तलाव खोदणे, रस्ते बांधणे ही कामे परंपरेने वडार समाजाने केली. कर्नाटकात हा समाज भोवी किंवा वड्डर या नावांनी ओळखला जातो. एक बाब स्पर्धा परीक्षांच्या दृष्टीने ध्यानात ठेवण्याजोगी आहे. कर्नाटकात भोवी समाजाचा समावेश अनुसूचित जातींत होतो, तर महाराष्ट्रात वडार समाज विमुक्त जातींच्या यादीत आहे. व्यवसाय व सामाजिक स्थिती सारखी असूनही राज्याची सीमा ओलांडताच घटनात्मक संरक्षणाचे स्वरूप बदलते. कामाच्या शोधात सतत स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांसाठी हा भेद कागदापुरता राहत नाही. दाखला, शिष्यवृत्ती, आरक्षण या सर्वांवर त्याचा परिणाम होतो.

दगडखाणींतील श्रमिकांच्या स्थितीकडे देशाचे लक्ष वेधले ते 'बंधुआ मुक्ती मोर्चा' खटल्याने. फरिदाबाद परिसरातील दगडखाणींतील वेठबिगार मजुरांच्या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९८३ मध्ये दिलेला निर्णय जनहित याचिकांच्या इतिहासातील महत्त्वाचा टप्पा मानला जातो. एका पत्राची याचिका म्हणून दखल घेण्यात आली आणि मानवी प्रतिष्ठेने जगण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम २१ मध्ये अंतर्भूत असल्याचे न्यायालयाने स्पष्ट केले. वेठबिगार पद्धती निर्मूलन अधिनियम १९७६ पासून अस्तित्वात होता. पण खाणीत उचल देऊन कुटुंबच्या कुटुंब बांधून ठेवण्याची रीत त्याने संपली नव्हती, हे या खटल्याने दाखवून दिले.

दुसरा प्रश्न आरोग्याचा आहे. ग्रॅनाइट आणि पट्टिताश्म यांत क्वार्ट्झ मोठ्या प्रमाणात असते. कोरड्या स्थितीत दगड फोडताना वा दळताना उडणारी सिलिकायुक्त सूक्ष्म धूळ फुप्फुसात साचून सिलिकोसिस हा असाध्य विकार जडतो. लक्षणे अनेकदा क्षयासारखी असल्याने निदान चुकते आणि निदान चुकले की भरपाईचा हक्कही हातून जातो. राजस्थान शासनाने २०१९ मध्ये अशा रुग्णांसाठी स्वतंत्र धोरण स्वीकारले, हे उल्लेखनीय आहे. पाणी मारून धूळ दाबणे, मुखपट्टी आणि नियमित तपासणी हे उपाय खर्चिक नाहीत; अडचण अशी की हंगामी मजुराची कोणत्याच हजेरीपटावर नोंद नसते. स्फोटकांचा धोका तर वेगळाच. २०२१ च्या जानेवारीत शिवमोग्ग्याजवळील हुणसोडु येथे आणि फेब्रुवारीत चिक्कबळ्ळापूर जिल्ह्यातील हिरेनागवल्ली येथे खाणकामासाठी आणलेल्या स्फोटकांनी मजुरांचे बळी घेतले.

शिक्षणाच्या बाबतीत महाराष्ट्रातील एक प्रयत्न मार्गदर्शक आहे. पुण्याजवळील वाघोली परिसरात खाणमजुरांच्या मुलांसाठी खाणीच्या आवारातच 'पाषाण शाळा' सुरू करण्यात आल्या. कुटुंब जेथे दगड फोडते तेथेच शाळा नेणे, हा त्यामागील साधा विचार आहे.

कायद्याच्या चौकटीत दगड

खाणी व खनिजे (विकास व विनियमन) अधिनियम, १९५७ अन्वये इमारतीचा दगड हे 'गौण खनिज' आहे. कलम १५ प्रमाणे गौण खनिजांबाबत नियम करण्याचा अधिकार राज्य सरकारांना आहे. त्यानुसार कर्नाटकाचे गौण खनिज सवलत नियम १९९४ मध्ये झाले. केंद्राने १९९९ मध्ये ग्रॅनाइट संवर्धन व विकास नियम केले. त्यांत खाणकामाचा आराखडा आणि खोदलेल्या जमिनीचे पुनर्वसन यांवर भर आहे. 'गौण' हा शब्द कायद्यातील वर्गीकरणापुरता आहे; परिणामांच्या दृष्टीने ही खनिजे गौण नाहीत.

या वर्गीकरणाचा परिणाम बराच काळ देखरेखीवर झाला. १९५२ च्या खाण अधिनियमात तर सहा मीटरपेक्षा कमी खोलीच्या, पन्नासपर्यंत मजूर असलेल्या आणि स्फोटके न वापरणाऱ्या दगडखाणींना बहुतेक तरतुदींतून सूट होती. पर्यावरणाच्या बाबतीतही लहान पट्टे परवानगीविना चालत. सर्वोच्च न्यायालयाने दीपक कुमार विरुद्ध हरियाणा राज्य या खटल्यात फेब्रुवारी २०१२ मध्ये पाच हेक्टरपेक्षा लहान गौण खनिज पट्ट्यांनाही पर्यावरणीय मंजुरी आवश्यक ठरवली. २०१५ च्या दुरुस्तीने जिल्हा खनिज प्रतिष्ठानांची तरतूद झाली. तिचा उद्देश खाणबाधित व्यक्ती व क्षेत्रांचे हित साधणे हा आहे. जुलै २०२४ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने असा निर्वाळा दिला की स्वामित्वधन हा कर नव्हे आणि खनिजयुक्त जमिनीवर कर आकारण्याचा राज्यांना अधिकार आहे. या निर्णयाने राज्यांचे आर्थिक अधिकार वाढले. त्याबरोबर खाणींच्या पुनर्वसनाची जबाबदारीही वाढली, असे म्हणणे योग्य ठरेल.

उरलेले खड्डे

बंगळुरूच्या परिघावरील बंद खाणींचे पुढे काय झाले, हे पाहिले म्हणजे प्रश्नाचे गांभीर्य लक्षात येते. मंडूर येथील कचरा डेपोविरुद्ध ग्रामस्थांनी आंदोलन केल्यावर डिसेंबर २०१४ पासून तेथे कचरा टाकणे थांबले. महानगरपालिकेला नव्या जागा हव्या होत्या. तयार खड्डे उपलब्ध होते ते जुन्या दगडखाणींचे. शहराच्या उत्तरेकडील बेल्लहळ्ळी आणि मिट्टगानहळ्ळी येथील खाणींत पुढील वर्षांत शहराचा मिश्र कचरा गेला.

प्रशासनाच्या दृष्टीने ही सोय होती. भूजलाच्या दृष्टीने ती जोखीम होती. पट्टिताश्म सलग दिसला, तरी त्यात भेगांचे जाळे असते आणि या प्रदेशात भूजल वाहते ते या भेगांतूनच. सुरुंगांनी त्या भेगा आणखी रुंदावलेल्या असतात. तळाला व भिंतींना अभेद्य अस्तर नसेल, तर कचऱ्यातून झिरपणारे दूषित पाणी विहिरी व कूपनलिकांपर्यंत पोहोचू शकते. घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ मध्ये शास्त्रोक्त भरावभूमीसाठी अस्तराची व झिरपपाण्याच्या प्रक्रियेची अट घालण्यात आली होती, ती याच कारणाने. ज्या गावांनी शहराला दगड दिला, धूळ सोसली, त्याच गावांना शहराने बदल्यात कचरा दिला. यातील अन्याय आकडेवारीशिवायही समजण्यासारखा आहे.

जगाचा अनुभव

स्कॉटलंडमधील अॅबर्डीन हे ग्रॅनाइटचे शहर म्हणून प्रसिद्ध आहे. तेथील रुबिस्लॉ खाणीतून १७४० पासून १९७१ पर्यंत सुमारे ६० लाख टन दगड निघाला आणि खाण १४० मीटरहून अधिक खोल गेली. बंद झाल्यावर ती पाण्याने भरली. आज ती त्या शहराच्या इतिहासाचा भाग मानली जाते. इंग्लंडमधील पोर्टलंड बेटावरील टाउट खाणीत १९८३ पासून शिल्प उद्यान विकसित झाले. तेथे दगडातील शिल्पे खाणीच्याच भिंतींत कोरलेली आहेत. स्वीडनमधील डालहाल्ला या चुनखडीच्या जुन्या खाणीचे १९९० च्या दशकात खुल्या संगीत रंगमंचात रूपांतर झाले.

भारतातही धडे आहेत. मुंबईत अंधेरीचा गिल्बर्ट हिल हा सुमारे ६० मीटर उंचीचा बेसाल्टचा स्तंभाकार कडा आहे. भोवतालचा खडक बांधकामासाठी तोडला गेला आणि हा कडा एकाकी उरला. २००७ मध्ये मुंबई महानगरपालिकेने त्याला वारसा स्थळाचा दर्जा दिला. तोवर इमारती त्याला अगदी खेटल्या होत्या. राजस्थानातील मकराना संगमरवराला २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय पातळीवर 'जागतिक वारसा दगड' म्हणून मान्यता मिळाली. यावरून वारशाची कल्पना वास्तूकडून दगडाकडे आणि दगडाकडून खाणीकडे सरकत असल्याचे दिसते. केंद्रीय खाण मंत्रालयाने २०२२ मध्ये भूवारसा स्थळांच्या जतनासाठी विधेयकाचा मसुदा अभिप्रायार्थ प्रसिद्ध केला, तोही या दिशेने महत्त्वाचा होता.

पुढील दिशा

या पार्श्वभूमीवर काही सूत्रे मांडता येतील. प्रथम, प्रत्येक महानगर प्रदेशातील बंद दगडखाणींची सर्वंकष नोंदवही तयार व्हावी. मालकी, खोली, पाण्याची पातळी, भूशास्त्रीय महत्त्व आणि तेथून उभ्या राहिलेल्या वास्तू यांची माहिती तीत असावी. दुसरे, पट्टा देतानाच पुनर्वसनाची पुरेशी रक्कम अनामत म्हणून घ्यावी, म्हणजे खाणमालक निघून गेला तरी खड्डा अनाथ राहणार नाही. तिसरे, खाणीत कचरा टाकण्यापूर्वी भूजलाचा अभ्यास आणि ग्रामसभेचा विचार घेणे हे औपचारिकतेपलीकडे जावे. चौथे, ज्या खाणी सुरक्षित आहेत त्यांपैकी काहींत पाणी साठवण, काहींत उद्यान, आणि किमान एकीत जुन्या दगडकामाचे संग्रहालय करता येईल. विस्तवाने थर सोडवणाऱ्या विद्येची नोंद एका परदेशी नियतकालिकात राहावी आणि ज्या भूमीत ती विद्या होती तेथे तिची खूणही नसावी, ही स्थिती बदलता येण्याजोगी आहे. अखेरचे, खाणमजुरांची नोंदणी, आरोग्य तपासणी आणि त्यांच्या मुलांचे शिक्षण यांवर जिल्हा खनिज प्रतिष्ठानांसारख्या निधीतून आधी खर्च व्हावा.

या सूत्रांत परस्परविरोधही आहे, हे नजरेआड करून चालणार नाही. शहराला घरे हवीत, घरांना खडी हवी आणि खाणी पूर्णपणे बंद करणे हा व्यवहार्य पर्याय नाही. खाण बंद झाली की पहिला फटका मजुरालाच बसतो. म्हणून प्रश्न दगड काढावा की नाही, असा नसून त्याची पूर्ण किंमत कोणी मोजावी, असा आहे. आजवर ती मजुराने आणि खाणीशेजारच्या गावाने मोजली. ती दगड वापरणाऱ्याने मोजावी, असे धोरण आखणे हे सार्वजनिक वित्तव्यवस्थेचे काम आहे.

विद्यार्थी मित्रहो, पुढे प्रशासनात गेल्यावर तुमच्यापैकी अनेकांसमोर खाणपट्ट्याच्या नूतनीकरणाची किंवा कचऱ्यासाठी जागा शोधण्याची संचिका येईल. नकाशावर ती जागा 'वापरात नसलेली खाण' एवढ्याच शब्दांत लिहिलेली असेल. त्या खड्ड्यातून कोणत्या इमारती उभ्या राहिल्या, तेथे कोणी काम केले आणि त्याच्या तळातून कोणाच्या विहिरीला पाणी जाते, हे तीन प्रश्न सही करण्यापूर्वी विचारले गेले, तरी या विषयाचा अभ्यास सार्थकी लागेल.